ग्रहांची तिसरी ओळख

७ सप्टेंबर २०२५, रविवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, रस्त्यांवरचा गुलाल अजून पुसला गेला नव्हता आणि प्रसूती विभागात माझी रात्रपाळी होती. नऊच्या सुमारास एका गरोदर बाईला घरच्यांनी रिक्षातून आणले. आठवा महिना, गरोदरपणातला मधुमेह, इन्सुलिन चालू. अंग घामाने डबडबलेले, हात थरथरत होते, बोलणे तुटक. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, तर साखर ४८. संध्याकाळचे इन्सुलिन तिने नेमाने घेतले होते. पण दुपारपासून पोटात अन्नाचा कण नव्हता आणि पाण्याचा घोटही नव्हता.

"चंद्रग्रहणाचे वेध लागलेत ना मॅडम," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, काळजीच होती. होणाऱ्या नातवंडाला काही होऊ नये, एवढेच त्यांना हवे होते.

अर्ध्या-पाऊण तासात साखर वर आली, बाळाचे ठोकेही व्यवस्थित होते. मग माझे लक्ष खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या थोरल्या मुलीकडे गेले. चौथीत शिकणारी. आईने काही खाऊ नये म्हणून दिवसभर पहारा तिनेच दिला होता, असे कळले.

"ग्रहण म्हणजे काय गं?" मी विचारले.

"पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, त्याला चंद्रग्रहण म्हणतात." धडा म्हणून दाखवावा तसे तिने एका दमात सांगितले.

"मग आईनं जेवायचं का नाही?"

"ग्रहण लागतं म्हणून."

दोन्ही उत्तरे तिच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखाने नांदत होती. एकाची दुसऱ्याशी गाठच पडली नव्हती. अकरा वाजून गेल्यावर मी तिला गॅलरीत नेले. ढग अधूनमधून बाजूला होत होते. चंद्र पूर्ण सावलीत शिरला होता आणि विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस दिसत होता.

"ही सावली कुणाची?"

"पृथ्वीची."

"आणि आपण कुठे उभे आहोत?"

ती पायाखालच्या फरशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी ही आपलीच सावली हाय?" आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मग आपली सावली आईला कशी बाधंल?"

हा प्रश्न तिला कोणी पढवला नव्हता. तो सुचायला पुस्तकातले वाक्य आणि डोळ्यांसमोरचे आकाश एका जागी यावे लागले. मुलांना सूर्यमालेची ओळख करून द्यायची म्हणजे एवढेच करायचे असते, असे मला वाटते. आणि नेमके तेवढेच आपण करत नाही.

भीतीची ओळख, पाठांतराची ओळख

आपल्याकडे मुलांची ग्रहांशी पहिली ओळख होते ती भीतीतून. शाळेत नाव घालण्याआधीच शनी 'मागे लागतो' हे त्यांच्या कानावर पडलेले असते. मोठ्या बहिणीला मंगळ आहे म्हणून स्थळ परत गेले, हे दाराआडून ऐकलेले असते. राहू-केतू चंद्राला गिळतात, हे आजीने सांगितलेले असते. ज्या देशाचे यान २४ सप्टेंबर २०१४ पासून मंगळाभोवती फिरू लागले, त्याच देशातल्या मुलींना पत्रिकेतल्या मंगळाचे ओझे अजून वाहावे लागते.

दुसरी ओळख शाळेत होते, ती पाठांतराची. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. भिंतीवर तक्ता असतो, त्यात रंगीत गोळे एका ओळीत, एकमेकांना जवळजवळ खेटून उभे. परीक्षेत 'सर्वांत मोठा ग्रह कोणता' याला एक गुण मिळतो. या दुसऱ्या ओळखीने पहिलीला धक्काही लागत नाही. मूल मोठे होते, डी.एड. करते, इंजिनीअर होते, आमच्या क्षेत्रात डॉक्टरसुद्धा होते आणि ग्रहणाच्या दिवशी पाण्यात तुळशीचे पान टाकून मोकळे होते. मी हे टीका म्हणून लिहीत नाही. पाठ केलेले ज्ञान अडचणीच्या वेळी उपयोगी पडत नाही, हे आम्ही वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्येही रोज पाहतो. नाडी कशी मोजायची हे वाचून कळत नाही, मनगटावर बोटे ठेवावी लागतात.

म्हणून तिसरी ओळख हवी. स्वतःच्या डोळ्यांनी, हातांनी, पायांनी करून घेतलेली.

विळी, सावली आणि ओठ

आरोग्याच्या सदरात ग्रहताऱ्यांचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्या वॉर्डात आहे.

दुभंगलेला ओठ घेऊन बाळ जन्माला आले की पहिला प्रश्न बाळाविषयी नसतो, बाळंतिणीला असतो: "गिराणात काय चिरलं होतंस का?" विळी हातात घेतली, सुईत दोरा ओवला, काही कापले, अशा खऱ्या-खोट्या आठवणी तिच्याकडून वदवून घेतल्या जातात. कधी तीच आपणहून सांगते. टाके ओले असलेली बाई रडत रडत अपराधाची कबुली देत असते आणि गुन्हा घडलेलाच नसतो.

खरी हकीकत अशी आहे. बाळाचा ओठ गरोदरपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या दरम्यान. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी वाढत येणारे भाग मध्यभागी एकमेकांना मिळतात. ते मिळायचे राहिले की फट राहते. अनेक बायकांना तोवर दिवस गेल्याचे नुकतेच कुठे समजलेले असते. सातव्या महिन्यात ग्रहण आले आणि तिने भाजी चिरली, तर कित्येक महिन्यांपूर्वी पूर्ण झालेला ओठ पुन्हा उसवत नाही. याची ठाऊक असलेली कारणे वेगळी आहेत: आनुवंशिकता, फेफऱ्यावरची काही औषधे, धूम्रपान, दिवस जाण्याआधीपासून ताब्यात नसलेला मधुमेह. अनेकदा एकच एक कारण सापडतही नाही. या व्यंगावर चांगली शस्त्रक्रिया होते. ओठाची साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली हे उपचार मोफत मिळतात. पण घर अपराध शोधण्यात गुंतले की उपचार शोधायला उशीर होतो.

त्या रात्रीसारखे प्रसंग आणखी वेगळे. उपाशी राहिलेली मधुमेही, दिवसभर पाणी न प्यालेली, लघवी दाबून धरलेली, कळा सुरू होऊनही 'मोक्ष होऊ दे' म्हणून घरीच थांबवलेली. चंद्रग्रहणात चंद्रावर फक्त आपली सावली असते. सूर्यग्रहणात सूर्याचा प्रकाश थोडा वेळ कमी होतो, इतकेच; त्यातून नवे किरण निघत नाहीत की अन्नात विष उतरत नाही. ग्रहण गरोदर बाईला काही करत नाही. उपास आणि उशीर मात्र करतात.

हे आम्ही वॉर्डात समजावतो. पण तेव्हा समोरची बाई घाबरलेली असते आणि सासू तिच्याहून घाबरलेली. ती वेळ शिकवण्याची नसते. शिकवण्याची वेळ वीस वर्षे आधी, ती चौथीत असताना येऊन गेलेली असते.

पत्र्याचे भोक

माझे माहेर लोणी भापकर. बारामती तालुक्याचा हा जिरायती भाग. कालव्याखालच्या उसाच्या गावांची हिरवळ इकडे नाही. १६ फेब्रुवारी १९८० रोजी शनिवारी दुपारी सूर्यग्रहण होते. कर्नाटकाच्या पट्ट्यात खग्रास, आमच्याकडे खंडग्रास, पण सूर्य बराचसा झाकणारे. मी दहा वर्षांची होते. सकाळची शाळा सुटल्यावर आजीने आम्हा सगळ्या पोरांना घरात घेतले आणि कडी लावली. खिडक्यांना घोंगडी. बाहेर गुरेसुद्धा गप्प झाल्यासारखी वाटत होती.

आमचे घर पत्र्याचे. पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोके होती. त्यांतून रोज दुपारी सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडत. त्या दिवशी कवडसे गोल नव्हते. प्रत्येक कवडसा चंद्राच्या कोरीसारखा झाला होता. जमिनीवर दहा-बारा कोरी, सगळ्यांची तोंडे एकाच बाजूला. मी भावाला दाखवले, त्याने आजीला. आजीने त्यांच्यावर पोती टाकली. संध्याकाळी 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी ऐकू आली, आंघोळी झाल्या आणि विषय संपला.

आजीने दार लावले, तरी ग्रहण पत्र्यातून घरात आले होते. आणि ते ज्या रीतीने आले, ती ग्रहण बघण्याची सर्वांत सुरक्षित रीत आहे, हे मला कळायला पुढची पंधरा वर्षे जावी लागली. लहान भोकातून आलेला कवडसा गोल असतो तो भोक गोल असते म्हणून नव्हे; तो सूर्याचा फोटोच असतो. भोक चौकोनी असले तरी कवडसा गोलच पडतो. सूर्य झाकला की कवडसाही झाकतो.

यात आणखी एक गंमत आहे. भोकापासून कवडशापर्यंतचे अंतर मोजा आणि त्याला कवडशाच्या व्यासाने भागा. उत्तर १०७-१०८ च्या आसपास येते. तीन मीटरवर कवडसा पावणेतीन सेंटिमीटरचा. पुठ्ठा किरणांच्या समोर सरळ धरा, नाहीतर कवडसा लांबुडका पडतो. हेच गुणोत्तर सूर्यालाही लागू आहे: सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट लांब आहे. अंतर १५ कोटी किलोमीटर, म्हणून व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. खिळ्याचे भोक, फूटपट्टी आणि एक भागाकार. जिल्हा परिषदेच्या शाळेतला सहावीचा मुलगा सूर्य मोजू शकतो, तोही सूर्याकडे न बघता.

माझ्या आजीचे अर्धे बरोबर होते, हे डॉक्टर म्हणून मला मान्य केले पाहिजे. 'सूर्याकडे बघू नका' हे तिचे सांगणे शंभर टक्के खरे. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाहीत. सूर्याकडे टक लावून बघताना तो भाजला तरी त्या क्षणी काही जाणवत नाही. काही तासांनी मधोमध धूसर डाग दिसू लागतो आणि तो कधी कधी कायमचा राहतो. साधा गॉगल, काजळी धरलेली काच, परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, एक्स-रेची जुनी फिल्म, यांपैकी काहीही सुरक्षित नाही. एक्स-रेची फिल्म तर लोक दवाखान्यातूनच मागून नेत आणि आमच्यातलेच कोणी ती देतही, हे कबूल करायला हवे. आयएसओ १२३१२-२ या प्रमाणाचा, ओरखडा नसलेला चष्मा हवा. तो नसेल तर पत्र्याचे भोक आहेच. आजीने पोती टाकली नसती, तर तिची काळजी आणि आमचे कुतूहल दोन्ही राहिले असते.

मोहरीएवढी पृथ्वी

त्या सप्टेंबरनंतर दिवाळीत माहेरी गेले, तेव्हा भावाची मुले आणि त्यांचे सवंगडी गोळा केले. संध्याकाळी खोलीत अंधार करून एक दिवा लावला. प्रत्येकाने हातभर अंतरावर, डोक्यापेक्षा किंचित वर एक पांढरा चेंडू धरायचा आणि दिव्याकडे तोंड करून डावीकडे हळूहळू गोल फिरायचे. तुमचे डोके पृथ्वी, चेंडू चंद्र, दिवा सूर्य. एका गिरकीत अमावास्या, कोर, अर्धा चंद्र, पौर्णिमा, सगळे चेंडूवर उमटते. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीने होतात, ही गैरसमजूत बऱ्याच मोठ्यांचीही असते. या गिरकीत ती गळून पडते. मग चेंडू थोडा खाली घ्यायचा: समोर आला की दिवा झाकतो, सूर्यग्रहण. मागे गेला की आपल्याच डोक्याच्या सावलीत शिरतो, चंद्रग्रहण. "मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?" हे मुलेच विचारतात. चंद्राची वाट साधारण पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सूर्यमाला मांडली, तक्त्यावरची नव्हे, मापातली. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर. या मापाने सूर्य १४ सेंटिमीटरचा चेंडू. त्याच्यापासून सहा मीटरवर खसखशीचा दाणा, तो बुध. अकरा मीटरवर मोहरी, शुक्र. पंधरा मीटरवर दुसरी मोहरी, पृथ्वी. तेवीस मीटरवर पुन्हा खसखस, मंगळ. मग एकदम ७८ मीटरवर गोटी, गुरू. १४३ मीटरवर त्याहून थोडी लहान गोटी, शनी. युरेनस आणि नेपच्यून म्हणजे ज्वारीचे दोन दाणे: एक २८७ मीटरवर आणि दुसरा साडेचारशे मीटरवर.

गावात यादवकालीन मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे, पुढे सुंदर पुष्करणी. तिथून निघालो. पंधरा मीटरवर पुतण्याच्या हातून मोहरी मातीत पडली. "आत्या, पृथ्वी हरवली!" तो ओरडला, आणि सगळी पोरे गुडघ्यांवर बसून पृथ्वी शोधू लागली. मला त्याहून चांगला धडा देता आला नसता. त्या मोहरीपासून चंद्र कुठे? जेमतेम चार सेंटिमीटरवर, रव्याच्या कणाएवढा. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरले, ते हे चार सेंटिमीटर ओलांडून. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? याच मापाने ४,००० किलोमीटरवर. काश्मीर ते कन्याकुमारी अंतरही त्याला पुरत नाही. साडेचारशे मीटर चालून मागे वळून बघितल्यावर चेंडू दिसेनासा झाला होता. "एवढ्या लांबून ऊन पोचतं?" एकीने विचारले. पोचते, पण फारच थोडे. म्हणून नेपच्यून गारठलेला.

परतताना देवळाच्या आवारातल्या वराहाच्या मूर्तीपाशी थांबलो. वराहाने पृथ्वी पाण्यातून वर काढली, ही गोष्ट मुलांना माहीत होती. एकाने विचारले, "मग आता ती कशावर ठेवलीय?" हा प्रश्न माणसाने हजारो वर्षे विचारला आहे; ती मूर्तीही त्याच कुतूहलातून आलेली आहे. मी गोफणीचे उदाहरण दिले. ज्वारी राखताना गोफण फिरवतो, तेव्हा दगड कशावर ठेवलेला असतो? कशावरच नाही. दोरी त्याला आत ओढत असते आणि तो पुढे पळत असतो. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने पळते आणि सूर्याचे गुरुत्वाकर्षण तिला ओढून धरते. गोष्ट गोष्टीच्या जागी राहिली, उत्तर उत्तराच्या जागी. कोणाचाही अपमान झाला नाही.

आपल्याच बोलण्यातले आकाश

विज्ञान शिकवायचे म्हणजे परंपरेशी भांडायचे, असे मला वाटत नाही. आपल्या बोलण्यात भरपूर निरीक्षण साठलेले आहे, फक्त त्याची गाठ सोडून मुलांच्या हाती दिली पाहिजे. 'मृग निघाला' म्हणजे काय? साधारण ८ जूनला सूर्य मृग नक्षत्राच्या जागी येतो. म्हणूनच जूनच्या रात्री मृगाचे तारे दिसत नाहीत, ते सूर्याबरोबर दिवसा आकाशात असतात. हिवाळ्यात, रात्रीच्या लाइटीला बाप ज्वारी-गव्हाला पाणी धरायला निघतो, तेव्हा मृग डोक्यावर असतो. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे गेली, याचा हा पुरावा बांधावर उभे राहून दिसतो.

नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनीच का येतो? कारण गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे १२ वर्षे लागतात. आणि साडेसाती साडेसात वर्षांचीच का? शनीला एका फेरीला साडेएकोणतीस वर्षे लागतात. भागिले बारा राशी, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे. तीन राशींची साडेसात. हा मुलांसाठी त्रैराशिकाचा नमुना आहे. ज्या मुलाने हा हिशोब स्वतः केला, त्याला शनी मागे लागलेला वाटत नाही. आपल्या वाटेने सावकाश चाललेला दिसतो. आणि लहानशा दुर्बिणीतून एकदा त्याची कडी बघितली, की उरलीसुरली भीतीही जाते. पत्रिका खरेच काही सांगते का, याचीही परीक्षा डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतली होती. हुशार मुले आणि मतिमंद मुले पत्रिकेवरून ओळखायला ज्योतिषांना सांगितले. यश नाणेफेकीपेक्षा जास्त आले नाही.

आमच्या भागाला तर याहून मोठा वारसा आहे. उजनीच्या पलीकडे, करमाळा तालुक्यातले जेऊर आपल्याला रेल्वे स्टेशन म्हणून माहीत आहे. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण बघायला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तिथे तंबू ठोकून बसले होते, आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही. पुण्या-मुंबईत प्लेगने थैमान घातले होते ते दिवस. तेव्हाही दोन मिनिटांच्या अंधारासाठी माणसे समुद्र ओलांडून आपल्या माळरानावर आली.

दिव्यांची अवस

आता येत्या २ ऑगस्ट २०२७ कडे बघू. सोमवार. त्या दिवशी इजिप्तमध्ये सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास सूर्यग्रहण दिसेल आणि आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. तिथी आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस. पावसाचे दिवस असतील. पण बारामती-इंदापूरचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. ज्या छायेला आपण जन्मभर दोष दिला, तीच त्या दिवशी कदाचित आभाळ मोकळे ठेवील.

माझी मागणी साधी आहे. त्या दिवशी शाळा लवकर सोडू नयेत. उलट मुलांना अंगणात आणावे, सूर्याकडे पाठ करून उभे करावे आणि भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून जमिनीवर कोरी पाडून दाखवाव्यात. त्यासाठी तारांगण लागत नाही. जिथे जमेल तिथे मुलांना पुण्याच्या आयुकात न्यावे, बारामतीच्या विज्ञान केंद्रात न्यावे. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी, १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणणारी संस्था आपल्याकडे आहे, तिची मदत घ्यावी. पण गावाने वाट बघत बसू नये. खिळा, पुठ्ठा, चेंडू, दिवा, मोहरी आणि ज्वारी प्रत्येक घरात आहेत.

आणि आम्ही आरोग्य खात्यातल्या लोकांनीही हात झटकू नयेत. ग्रहणाच्या आधीच्या आठवड्यात आशाताईंनी गरोदर बायकांच्या घरी जाऊन इतके सांगावे: वेळेवर जेवा, पाणी प्या, औषधे चुकवू नका, कळा आल्या तर निघा. प्रसूती विभागातल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी तेच स्वतः करून दाखवावे. आम्हीच डबा उघडायला बिचकलो, तर रुग्णाने का जेवावे?

काही जण म्हणतात, एक दिवस उपास केला तर बिघडते काय, लोकांच्या श्रद्धेत कशाला पडता? धडधाकट माणसाने उपास करावा, माझे काही म्हणणे नाही. पण इन्सुलिनवरची गरोदर बाई ही निवड स्वतः करत नाही. ती तिच्यासाठी केली जाते. आणि दुभंगलेल्या ओठाचा ठपका श्रद्धेवर येत नाही, तिच्यावर येतो.

डॉ. नारळीकरांकडे मुले सही मागायला गेली, की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर आणि सही दोन्ही येईल. २० मे २०२५ रोजी ते गेले. मुलाकडून सहीच्या बदल्यात प्रश्न घ्यायचा, हा त्यांचा रिवाज मात्र आपल्याला चालवता येईल.

त्या रात्रीची बाई ऑक्टोबरमध्ये बाळंत झाली. आजीबाईंनी बाळ हातात घेतल्याबरोबर आधी ओठ बघितला, मग कान. सगळे ठीक होते. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. बाळ धडधाकट निघाले म्हणून माझे खरे ठरत नाही, आणि नसते निघाले तरी सावलीचा दोष नसता. मुलगी मात्र दारातच थांबली होती.

"मॅडम, सूर्याचं गिराण कधी हाय?"

"तू सहावीत असशील तेव्हा. दिव्यांच्या अवसेला."

तिने क्षणभर विचार केला. "त्या दिवशी शाळा भरंल का?"

मला उत्तर देता आले नाही. ते तुमच्या-माझ्यासारख्या मोठ्या माणसांनी ठरवायचे आहे.